दीडशे रुपयांचा अव्होकाडो आणि त्यातला खाता येईल तेवढा गर

पुण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: सासऱ्यांना आहारतज्ज्ञांनी अव्होकाडो सुचवला आणि दोन वर्षांच्या मुलीलाही तो आवडायला लागला. जवळच्या सुपरमार्केटात एका फळाचे दीडशे रुपये पडतात. आणावं तेव्हा ते दगडासारखं कडक असतं आणि चार दिवसांनी कापलं तर आतून काळं निघतं. बहीण न्यू जर्सीत राहते, तिला एवढ्या पैशांत पिशवीभर मिळतात. इथे चांगला आणि खिशाला झेपेल असा अव्होकाडो मिळवायचा तरी कसा?

ताई, मी आधी वाशीच्या फळबाजारात एका गाळ्यावर होतो, नंतर पुण्यात दुकानांना फळं पुरवायचं काम केलं. दोन्ही मिळून २२ वर्षं झाली. शेवटची काही वर्षं परदेशी फळांची खरेदी आणि पिकवणी माझ्याकडेच होती. तुमचा प्रश्न वाचताना दीडशे रुपयांपेक्षा ‘आतून काळं’ हे शब्द मला जास्त लागले. अव्होकाडो महाग आहेच, पण तुम्हाला तो पडतोय त्यातला बराच महागपणा टाळता येण्यासारखा आहे.

हिशोब मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल घेतो, तुमच्या दुकानातले भाव घालून तुम्ही तो पुन्हा करा. हास जातीचं, म्हणजे दुकानात दिसणारं खरखरीत सालीचं परदेशी, २०० ग्रॅमचं फळ १५० रुपयांना घेतलं. साल आणि बी काढल्यावर साधारण १३५ ग्रॅम गर हाती येतो, म्हणजे १०० ग्रॅम गर १११ रुपयांना पडला. आता अशी तीन फळं आणली आणि त्यातलं एक टाकून द्यावं लागलं, तर ४५० रुपयांत २७० ग्रॅम गर. तोच १०० ग्रॅम गर १६७ रुपयांवर गेला. याउलट पावसाळ्यात कुर्गकडचं ४०० ग्रॅमचं फळ १६० रुपये किलोने मिळालं, तर ६४ रुपयांत २४० ग्रॅमच्या आसपास गर निघतो, १०० ग्रॅमला २७ रुपये. एकीकडे १६७, दुसरीकडे २७. सहापटीचा फरक आहे, आणि पुढे जे लिहितोय ते सगळं हा फरक तुमच्या बाजूला कसा वळवायचा याबद्दल आहे.

आधी बहिणीच्या पिशवीचं सांगतो, म्हणजे मनातली ती तुलना मिटेल. अमेरिकेत खपणारा बहुतेक अव्होकाडो शेजारच्या मेक्सिकोतून येतो, मुख्यतः मिचोआकान राज्यातून. तिथे बारा महिने तोडणी चालते, माल ट्रकने सीमा ओलांडतो आणि व्यापार करारामुळे त्यावर आयातशुल्क लागत नाही. पूर्वी तसं नव्हतं. किडीच्या भीतीने अमेरिकेने १९१४ पासून मेक्सिकोचा अव्होकाडो अडवून धरला होता. १९९७ मध्ये काही राज्यांपुरता तो आत आला आणि २००७ मध्ये सगळ्या राज्यांत खुला झाला. आपल्याकडे दुकानात जो काळपट, खरखरीत सालीचा हास दिसतो तो टांझानिया, केनिया, पेरू, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांतून थंड कंटेनरमध्ये किंवा विमानाने येतो. त्यावर आपलं मूळ आयातशुल्क ३० टक्के आहे. टांझानियाच्या मालाला अल्पविकसित देशांसाठीच्या सवलतीचा फायदा होतो आणि तिथून न्हावा शेवा बंदर जवळही आहे, म्हणून गेल्या काही वर्षांत बाजारात त्या मालाची आवक वाढली. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, त्यात अव्होकाडोवरचं शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने काढायचं ठरलं आहे. म्हणजे पूर्वीइतका हा माल दुर्मीळ राहिलेला नाही. मी वाशीत नवा होतो तेव्हा अव्होकाडोच्या चार पेट्या आल्या तर त्या आधीच कुठल्या तरी पंचतारांकित हॉटेलच्या नावावर असायच्या. आज गल्लीतला फळवालाही दोन-चार नग समोर मांडतो.

तुमच्या कामाचं एवढंच की दुकानातल्या फळाला चिकटवलेला कागद वाचायचा. देश लिहिलेला असेल तर हंगाम कळतो आणि हंगाम कळला की भावाचा अंदाज येतो. पूर्व आफ्रिकेचा आणि पेरूचा मुख्य हंगाम ढोबळमानाने मार्च-एप्रिलपासून ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत. न्यूझीलंडचा ऑगस्ट-सप्टेंबरपासून पुढे उन्हाळा लागेपर्यंत. आपल्या दक्षिणेतल्या डोंगरी भागाचं फळ मे-जूनपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत येत राहतं. हे सगळं एकावर एक ठेवून बघा: जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये बाजारात सगळीकडचा माल एकाच वेळी असतो आणि भाव उतरलेले असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात अडचणीचा काळ. माझं स्पष्ट मत असं की त्या महिन्यांत अव्होकाडोचा रोजचा रतीब लावूच नये.

थंडीतल्या मालाबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण त्यात पैशांपलीकडची गोष्ट आहे. एका वर्षी डिसेंबरात एका आयातदाराने मला भावात बरीच सूट देऊन ६० पेट्या देऊ केल्या. फळ दिसायला सुरेख, हिरवंगार, चकचकीत. मी घेतल्या. रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत लावल्या, नेहमीसारखा फळ पिकवणारा इथिलीन वायू दिला, तापमान सांभाळलं. चार दिवस गेले, सहा गेले, फळ मऊ होईना. आठव्या दिवशी साली सुरकुतायला लागल्या आणि आत गर रबरासारखा. मला वाटलं चेंबर बिघडलं, माणूस बोलावून तपासून घेतलं. चेंबर ठीक होतं, फळ कोवळं होतं. अव्होकाडो झाडावर पिकत नाही, तो तोडल्यावरच पिकतो. पण तोडण्याआधी त्यात पुरेसं तेल भरावं लागतं. ते भरण्याआधी तोडलं तर जगातलं कुठलंही यंत्र त्याला पिकवू शकत नाही. केनियाचं सरकार वर्षअखेरीच्या सुमारास हासची तोडणी काही काळ बंद ठेवतं ती याच कारणाने, कोवळा माल बाहेर जाऊ नये म्हणून.

त्यानंतर मी प्रत्येक खेपेतली दोन-तीन फळं कापून गराचे पातळ काप मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण सुकवून वजन करायला लागलो. १० ग्रॅम गर सुकून २.३-२.४ ग्रॅम उरला तर हास तयार, त्याहून बराच कमी उरला तर पेटी परत. तुम्हाला दुकानात हे करता येणार नाही, पण डोळ्यांना एक खूण दिसते: कोवळ्या हासची साल तकतकीत असते, तयार झालेल्याची निस्तेज आणि खडबडीत. फळ निवडताना आपला हात आपोआप चकचकीत फळाकडे जातो, सफरचंदाची सवय असते ना. अव्होकाडोच्या बाबतीत तो हात मागे घ्या.

आता दुकानात उभं राहिल्यावर काय करायचं ते. पहिलं बघायचं ते हे की फळ नगावर विकताहेत की किलोवर. नगावर असेल तर ढिगातली चार-पाच फळं उचला आणि सरळ वजनकाट्यावर ठेवून बघा. एकाच भावाच्या फळांत ४०-५० ग्रॅमचा फरक मी नेहमी पाहिला आहे. हा फरक कुठून येतो ते आमच्या पेटीवर लिहिलेलं असतं. परदेशी हास साधारण ४ किलोच्या पेटीत येतो आणि पेटीवरचा आकडा म्हणजे तिच्यातल्या फळांची संख्या. २० लिहिलं असेल तर फळ २०० ग्रॅमचं, २४ असेल तर १६५-१७० ग्रॅमचं, १६ असेल तर २५० ग्रॅमचं. दुकानदार कधी दोन आकाराच्या पेट्या एकाच टोपलीत ओततो आणि एकच भाव लावतो. काही फळांवर चार आकडी क्रमांक असतो, त्यात ४०४६ म्हणजे लहान हास आणि ४२२५ म्हणजे मोठा. किलोवर विक्री असेल तर मात्र वजनाच्या मागे लागू नका, लहान फळं घ्या. ती पटकन संपतात आणि अर्धं कापून ठेवायची वेळ येत नाही. तुमच्या घरी खाणारे दोघं, त्यात एक दोन वर्षांची, तेव्हा एका वेळी एक लहान फळ पुरे. गिऱ्हाईक मोठ्या फळाच्या मागे असतं, त्यामुळे लहान आकाराचा माल बऱ्याचदा किलोमागेही स्वस्त मिळतो. चवीत काहीही फरक नसतो.

दुसरं, दाबणं. अंगठ्याने फळ दाबू नका. तुम्ही दाबलेल्या जागी लगेच काही दिसत नाही, पण पिकल्यावर तिथेच काळा डाग पडतो. तुमच्या आधी दहा जणांनी तेच केलेलं असतं, म्हणून दुकानातलं ‘तयार’ फळ इतक्या वेळा आतून डागी निघतं. फळ तळहातावर घेऊन सगळी बोटं हलकेच मिटा. किंचित दबलं तर आज-उद्याचं, अजिबात दबलं नाही तर चार-सहा दिवसांचं. एकाच जागी खड्डा पडत असेल तर ठेवून द्या.

तिसरं, देठ. देठाचं बोंडूक काढून खाली हिरवं आहे का बघावं, असा सल्ला तुम्ही ऐकला असेल. माझी कळकळीची विनंती आहे, दुकानात ते काढू नका. ती उघडी जागा बुरशीचं दार असते आणि देठाकडून सडायला सुरुवात होते. ज्या फळाचं बोंडूक आधीच कोणी काढलेलं आहे तेही घेऊ नका. बोंडूक जागेवर असलेलं, देठाभोवती सुरकुती किंवा ओल नसलेलं फळ चांगलं.

रंगाचा नियम फक्त हासपुरता आहे. हास पिकताना हिरव्याचा जांभळट काळा होतो. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनच्या बागेत बियांपासून उगवलेल्या एका झाडावरून ही जात आली आणि १९३५ मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं. जाड साल, प्रवास सोसण्याची ताकद आणि पिकल्याचं रंगावरून कळणं, यामुळे व्यापाराने हिलाच उचलून धरलं. बाकीच्या बऱ्याच जाती पिकल्या तरी हिरव्याच राहतात, आपल्या दक्षिणेतलं फळही त्यात आलं. ते काळं होण्याची वाट बघत बसलात तर सडेल.

आणि तुमच्या काळ्या फळांबद्दल. चार दिवसांत कडक फळ आतून काळं होतं यामागे बहुतेक वेळा थंडीचा मार असतो. कडक हास ५ ते ७ अंशांवर ठेवतात. वाटेत कुठे तो २-३ अंशांवर आठवडाभर राहिला, तर बाहेरून काहीच कळत नाही आणि आत गर करडा पडतो, शिरा काळ्या होतात. हापूसमधल्या साक्यासारखंच हे, कापेपर्यंत पत्ता लागत नाही. दुकानाने कुठे ठेवला होता ते तुम्हाला दिसणार नाही, पण एक गोष्ट दिसते: कडक फळं कोका-कोलाच्या बाटल्यांशेजारी थंडगार कपाटात ठेवलेली असतील तर तिथून घेऊ नका. बाहेर टोपलीत असतील तर बरं. आणि एकाच दुकानातली फळं सलग दोनदा आतून करडी निघाली, तर फळ विभागातल्या माणसाला नेऊन दाखवा. रागावून नव्हे, माहिती म्हणून. आम्हाला असं सांगणारं गिऱ्हाईक हवं असतं, कारण त्यावरूनच आम्ही पुरवठादाराला पेटी परत करू शकतो. बरीच दुकानं फळ बदलूनही देतात.

पिकलेली फळं कमी भावात काढण्याची वेळ साधारण संध्याकाळची असते. दुकानाच्या दृष्टीने मऊ अव्होकाडो म्हणजे दुसऱ्या दिवशीचा तोटा. त्याच रात्री खाणार असाल तर असं फळ अर्ध्या भावातही चांगलं. उद्यासाठी, परवासाठी म्हणून घेऊ नका. विभागातल्या पोराला ओळखीचं करून ‘आजचे तयार नग आहेत का’ एवढं विचारलं तरी पुष्कळदा तो आतून ट्रे काढून देतो.

आता माझ्या मते तुमच्यासाठी खरा मार्ग. आपल्याकडे कर्नाटकात कोडगू (म्हणजेच कुर्ग) आणि चिकमगळूर, केरळात वायनाड, तमिळनाडूत पळनीच्या डोंगरांचा खालचा पट्टा, निलगिरी, येरकाड आणि पूर्वेला सिक्कीम इथे अव्होकाडो होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो श्रीलंकेतून दक्षिणेत आला आणि कॉफीच्या मळ्यांत सावलीचं झाड म्हणून रुजला. कन्नडमध्ये त्याला बेण्णे हण्णु म्हणजे लोण्याचं फळ म्हणतात, बाजारात सरसकट ‘बटर फ्रूट’ हे नाव चालतं. वायनाडमधलं अंबलवयल गाव तर या फळाची मोठी बाजारपेठ झालं आहे. पुण्याच्या मार्केट यार्डात आणि वाशीत पावसाळ्यात हा माल येतो. फळवाल्याला ‘अव्होकाडो’ विचारलंत तर तो आयात केलेला दाखवेल. ‘बटर फ्रूट आहे का, बेंगळुरूचा माल’ असं विचारा.

हा माल बहुतेक बियांपासून वाढलेल्या झाडांचा असतो, त्यामुळे एकसारखा नसतो. एक फळ लांबट, दुसरं गोल, कुणाची बी अंड्याएवढी तर कुणाची त्याच्या दुप्पट. तेलाचं प्रमाण हासपेक्षा पुष्कळदा कमी, गर जरा पाणीदार. म्हणून कोणी नाक मुरडतं. मला ते पटत नाही. ब्रेडवर लावायला हास सरस हे खरं, पण दुधात घुसळायला, गुळाबरोबर कालवून मुलीला भरवायला, कोशिंबिरीत घालायला कुर्गचं फळ छान लागतं. बेंगळुरूच्या ज्यूस सेंटरांत वर्षानुवर्षं हेच घुसळून विकतात. पाणीदार निघालं तर त्यात भिजवलेले शेंगदाणे, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून चटणी करा, दाटपणा येतो. कोडगूतल्या चेट्टळ्ळी इथल्या संशोधन केंद्राने निवडक झाडांवरून सुधारित जाती दिल्या आहेत, कलमी बागा वाढतील तसा एकसारखा मालही येईल.

हे फळ घेताना दोन गोष्टी सांभाळा. झाडं उंच असतात, तोडताना फळ पडून मार खातं, म्हणून सालीवर चपटा ओला डाग असलेलं बाजूला काढा. आणि कच्चं असताना ते फ्रीजमध्ये अजिबात ठेवू नका. हासला जेवढी थंडी चालते तेवढी याला चालत नाही, दहा-बारा अंशांखालीच ते बिघडायला लागतं. हलवल्यावर आत बी खुळखुळली तर घाबरू नका, यातल्या काही फळांत पिकल्यावर बी सुटी होतेच. हासमध्ये खुळखुळली तर मात्र फळ उतरलं समजा.

घरी पिकवणं आंब्याइतकंच सोपं आहे. आजीने आढी लावलेली पाहिली असेल, तेच तत्त्व. फळातून निघणारा इथिलीन वायू कोंडून ठेवायचा. कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून अव्होकाडो ठेवा, घाई असेल तर सोबत एक पिकलं केळं. प्लास्टिकच्या पिशवीत नको, घाम सुटतो आणि बुरशी येते. २० ते २५ अंशांना हास चार ते सात दिवसांत लागतो, केळ्यासोबत दोन दिवस आधी. पण एप्रिल-मेमध्ये पुण्यात स्वयंपाकघर ३५ अंशांच्या वर जातं आणि तिथे अव्होकाडो नीट पिकत नाही, एका बाजूने मऊ, दुसऱ्या बाजूने कडक, चव कडवट. उन्हाळ्यात तो माठाशेजारी, जमिनीलगत ठेवा, ओट्यावर आणि फ्रीजच्या वर कधीच नाही. रोज सकाळी तळहातात धरून बघा. किंचित दबायला लागला त्या दिवशी फ्रीजमध्ये टाका. पिकलेल्या फळाला थंडी सोसते, ते तीन-चार दिवस तसंच थांबतं. तुमची फळं वाया जातात ती बहुधा याच टप्प्यावर: कडक असताना फ्रीजमध्ये आणि पिकल्यावर बाहेर. उलटं करा.

म्हणूनच मी कडक फळ घ्यायला सांगतो. ते दहा हातांनी दाबलेलं नसतं, ‘खायला तयार’ म्हणून जादा पैसे लावलेलं नसतं आणि वेळ तुमच्या हातात असते.

याच्या पुढची पायरी म्हणजे पेटी. सोसायटीत अव्होकाडो खाणारी आणखी तीन घरं शोधा. मार्केट यार्डात सकाळी लवकर जाऊन हासची एक पेटी घ्या, २० किंवा २४ नगांची. किरकोळ दुकानाचं भाडं, वीज, नासाडी आणि पिशवीवरचा छापील पुठ्ठा या सगळ्याचा भार त्या भावात नसतो. आडते पेटी फोडून देत नाहीत, पण पूर्ण पेटी रोखीने घेणाऱ्या गिऱ्हाइकाला बरेच जण नाही म्हणत नाहीत. घेण्याआधी पेटी उघडून खालच्या थरापर्यंत बघा आणि एक फळ कापून दाखवायला सांगा, भाजीवाला कलिंगड कापून दाखवतो तसं. चांगल्या मालाचा आडत्या कापायला तयार होतो. घरी आणल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सहा नग येतात. त्यातले दोन कागदी पिशवीत, बाकीचे उघडे थंड जागी. पहिले दोन मऊ झाले की पुढचे दोन पिशवीत. याने आठ-दहा दिवस घरात खायला तयार फळ राहतं आणि सगळी एकाच दिवशी पिकत नाहीत.

सगळी एकदम पिकलीच तर गर काढून लिंबू पिळून कालवा, छोट्या डब्यांत सपाट भरून फ्रीजरमध्ये टाका. काप करून खाण्यासारखा तो पुढे राहत नाही, पण स्मूदी, पराठ्याचं पीठ, चटणी यांना उत्तम. अर्धं उरलेलं फळ बीसकट ठेवा, कापलेल्या बाजूला लिंबू चोळून डब्यात घट्ट झाकून. हवेमुळे वरचा थर तपकिरी होतो, तो खरवडला की खालचा गर चांगला असतो. अख्खं फळ पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवण्याची युक्ती मध्यंतरी खूप फिरली, ती करू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये तिच्याविरुद्ध इशारा दिला होता, सालीवरचे जंतू त्या पाण्यात वाढतात. कापण्याआधी मात्र फळ वाहत्या पाण्याखाली नक्की धुवा, सुरी सालीवरून आत जाते.

बी लावून घरचा अव्होकाडो मिळवण्याचा विचार मनात असेल तर तो परवडण्याच्या हिशोबात धरू नका. बियांचं झाड फळायला बरीच वर्षं घेतं आणि आईसारखं फळ देईलच असं नाही.

सासऱ्यांबद्दल एक सांगायला हवं. अव्होकाडोच्या १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम स्निग्धांश असतो, बहुतेक चांगल्या प्रकारचा, जवळपास ७ ग्रॅम तंतू आणि सुमारे ४८५ मिलिग्रॅम पोटॅशियम. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज देऊ नका. त्रास नसेल तरी रोज अख्खं फळ लागत नाही, अर्धं किंवा पाव भाग पुरतो. आणि थंडीतल्या महागड्या महिन्यांत हात आखडता घेताना मनाला लावून घेऊ नका. शेंगदाण्यातल्या तेलाचा मोठा हिस्सा अव्होकाडोसारख्याच जातीचा असतो. मूठभर भाजलेले दाणे, तिळाची चटणी आणि सोबत एखादा पेरू एवढ्याने त्या तीन-चार महिन्यांत आहारतज्ज्ञांचा हेतू बऱ्यापैकी साधतो. त्यांनाच विचारून बघा, नाही म्हणणार नाहीत.

तर ताई, सुरुवात अशी करा. या आठवड्यात सुपरमार्केटातून दोनच लहान, निस्तेज सालीचे कडक हास घ्या, वजन करून. कागदी पिशवीत ठेवा, मऊ झाले की फ्रीजमध्ये. एकही वाया गेला नाही तर पुढच्या खेपेला पेटीचा विचार करा. पावसाळा असेल तर त्याआधी यार्डात जाऊन एक किलो बटर फ्रूट आणा. मुलीला दुधात, थोडा गूळ घालून द्या. सासऱ्यांना वर मिरपूड आणि लिंबू घालून. दोघांना ते चाललं, तर जून ते सप्टेंबर तुम्हाला दीडशेच्या फळाकडे वळायची गरज पडणार नाही.